‘मोहिकन्स’पलीकडचा कूपर: कोणती पुस्तकं घ्यावीत आणि कोणत्या आवृत्तीत

अमेरिकन कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर म्हटलं की ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (1826) आणि फार तर त्याच मालिकेतली उरलेली चार पुस्तकं, इथेच बहुतेकांची यादी संपते. त्याने तीसहून जास्त कादंबऱ्या लिहिल्या. 1895 मध्ये मार्क ट्वेनने त्याच्या लेखनातल्या ढोबळ चुकांची जी धुलाई केली, ती मुख्यतः जंगलातल्या कथांची होती. समुद्र आणि जमीनजुमला हे मात्र कूपरचा हातखंडा असलेले विषय. 1806 मध्ये तो ‘स्टर्लिंग’ या व्यापारी जहाजावर साधा खलाशी म्हणून चढला, नंतर अमेरिकन नौदलात होता, आणि वडिलांनी तर कूपर्सटाउन हे गावच वसवलेलं. दोरखंड, शिडं, भाडेपट्टे यांच्याबद्दल तो लिहितो तेव्हा वाक्य एकदम घट्ट होतं.

सुरुवात ‘सेटनस्टो’ (1845) ने करावी. अठराव्या शतकाच्या मध्यातलं न्यूयॉर्क, डच आणि इंग्रज घराण्यांची सरमिसळ, गुलामांचा पिंक्स्टरचा (मूळच्या डच पेन्टेकॉस्टचा) सण, आणि 1758 च्या टायकॉन्डेरोगा किल्ल्यावरच्या ब्रिटिश-फ्रेंच लढाईपर्यंत जाणारं कथानक. गोठलेल्या हडसन नदीवरून घसरगाड्यांनी परतताना बर्फ फुटतो तो प्रसंग कूपरच्या सगळ्या लेखनात वरच्या रांगेतला आहे. वरून आलेलं पुराचं पाणी बर्फाचा थर उचलतं, तुकडे बेटांशी अडतात, एकावर एक चढून बांध तयार होतो, मागे पाणी फुगतं आणि बांध सुटला की सगळं एकदम चालू लागतं. ही यंत्रणा वाचकाला नीट कळते, म्हणून भीतीही खरी वाटते. सुरुवातीची काही प्रकरणं संथ आहेत. तिथे पुस्तक मिटू नका. पुढचा भाग ‘द चेनबेअरर’ (1845) जरूर वाचावा. तिसरा ‘द रेडस्किन्स’ (1846) न्यूयॉर्कमधल्या कुळांच्या भाडेबंदी चळवळीविरुद्धचं जमीनदाराचं लांबलचक भाषण आहे. त्या वादात रस असेल तरच हात लावा. तिन्ही पुस्तकांत काळ्या आणि मूलनिवासी पात्रांबद्दलचा सूर आज खटकतो, ते आधीच माहीत असलेलं बरं.

‘द क्रेटर’ (1847) हे माझ्या मते सर्वात दुर्लक्षित पुस्तक. पॅसिफिकमधल्या प्रवाळी खडकांत जहाज अडकतं, दोघेच उरतात आणि समोर असतो ज्वालामुखीचा उघडाबोडका कटोरा, मातीचा कण नसलेला. मग माती तयार करायची. राखेचा कडक झालेला थर फोडायचा, जवळच्या खडकावरून होडीने पक्ष्यांची विष्ठा आणायची, समुद्रशेवाळ आणि गाळ मिसळायचा, मग बी टाकायचं. शेतीची आवड असलेल्या माणसाला हा पहिला भाग सोडवणार नाही. पुढे वसाहत वाढते. वेगवेगळ्या पंथांचे धर्मोपदेशक, वकील आणि ‘क्रेटर ट्रुथ-टेलर’ नावाचं वर्तमानपत्र येतं आणि कूपर प्रवचनाला बसतो. त्याचा राग एकांगी आहे, पण शेवट असा आहे की ती पानं सोसावीत. शेवट इथे फोडत नाही.

‘नेड मायर्स’ (1843) कादंबरी नव्हे. ‘स्टर्लिंग’वरच्याच एका जुन्या सोबत्याच्या तोंडून ऐकून कूपरने लिहून काढलेलं खलाशाचं आयुष्य आहे. 8 ऑगस्ट 1813 च्या रात्री ऑन्टारियो सरोवरात ‘स्कर्ज’ ही अमेरिकन युद्धनौका वादळी झोताने उलटते. शत्रू (ब्रिटिश) जवळ असल्याने तोफा बांधून ठेवलेल्या नव्हत्या. नौका कलताच त्या खालच्या बाजूला घरंगळल्या. नेड हे सगळं विनाअलंकार सांगतो. ‘स्कर्ज’ आणि सोबतची ‘हॅमिल्टन’ 1973 मध्ये सुमारे 90 मीटर खोलीवर सापडल्या, तळाशी उभ्याच. पुस्तक छोटं आहे. कूपरच्या लांब वाक्यांची धास्ती असेल तर इथूनच शिरावं.

आता आवृत्त्या. ‘द पायलट’ आणि ‘द रेड रोव्हर’ या सागरी कादंबऱ्यांसाठी लायब्ररी ऑफ अमेरिका या प्रकाशनाचा 1991 चा एकत्रित खंड घ्या. कागद पातळ पण टिकाऊ, शिवण पक्की, संहिता तपासलेली. टिपा पानाखाली नाहीत, शेवटी आहेत, तेव्हा दोन पानखुणा लागतात. किंमत जास्त आहे, पण या दोन पुस्तकांना ती शोभते. बाकीच्यांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या मोफत ई-पब फायली पुरेशा आहेत. जुन्या फायलींत तळटीप कधी परिच्छेदाच्या मध्येच येते आणि वाक्य तुटल्यासारखं वाटतं. ‘सेटनस्टो’त अशा टिपा बऱ्याच आहेत, तेव्हा टीप ओलांडून वाक्य पुन्हा जुळवून घ्यायचं.

मागणीनुसार छापल्या जाणाऱ्या स्वस्त प्रतींबाबत मात्र सावध राहा. स्कॅनवरून यंत्राने उतरवलेल्या मजकुरात अक्षरं बदलतात आणि प्रकरणांच्या माथ्यावरची अवतरणं कथेत घुसतात. दुसरा धोका नावांचा. इंग्लंडमध्ये बरीच पुस्तकं वेगळ्या नावाने निघाली: ‘द क्रेटर’ तिथे ‘मार्क्स रीफ’, ‘द रेडस्किन्स’ म्हणजे ‘रेव्हन्सनेस्ट’, ‘जॅक टियर’ म्हणजे ‘कॅप्टन स्पाइक’, ‘द विंग-अँड-विंग’ म्हणजे ‘द जॅक ओ’लँटर्न’. दोन्ही नावं बाजारात आहेत, त्यामुळे एकच पुस्तक दोनदा घेतलं जातं. उलट ‘अफ्लोट अँड अशोर’ (1844) अर्धवट हाती येतं, कारण त्याचा दुसरा भाग ‘माइल्स वॉलिंगफर्ड’ या नावाने वेगळा आहे, आणि इंग्लंडमध्ये तोच ‘लूसी हार्डिंज’. मागवण्याआधी नमुना पानं उघडून पहिल्या प्रकरणाची सुरुवात गुटेनबर्गच्या फायलीशी ताडून घ्या.