बोटी जास्त, मासे कमी: परवाने विकत घ्यायचे, दिवस मोजायचे की कोटा वाटायचा?

ताफा गरजेपेक्षा मोठा झालाय का, हे नुसत्या बोटी मोजून कळत नाही. हंगाम बघा. वर्षाची ठरलेली पकड काही आठवड्यांतच संपते, उरलेले महिने बोटी धक्क्याला बांधून असतात आणि तरीही मालक नव्या इंजिनासाठी कर्ज काढतात, तेव्हा पाणी डोक्यावरून चाललंय असं समजा.

अलास्कात हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाचा हंगाम 1990च्या सुमारास वर्षातून 24-24 तासांच्या दोन-तीन खेपांवर आला होता. वादळ असो नसो, त्या दिवशी निघायचंच. घाईत गळांच्या दोऱ्या समुद्रातच राहायच्या, आणि सगळा मासा एकदम उतरल्यामुळे बहुतेक गोठवावा लागायचा.

परवाने विकत घेऊन बोटी कमी करणं पचायला सोपं, कारण जाणाऱ्याच्या हातात पैसे पडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 2003 मध्ये अशा 91 ट्रॉलर काढल्या. 4.6 कोटी डॉलर लागले, त्यातले 3.6 कोटी कर्जाचे, आणि ते फेडायचे मागे राहिलेल्या मच्छीमारांनी. ज्याचा फायदा त्याचाच खर्च, हे मला पटतं. पण मागे राहिलेल्याने जास्त ताकदीचं इंजिन बसवलं की केलेलं सगळं पाण्यात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1969 पासून सॅमनच्या बोटींचे परवाने मर्यादित केले. बोटींची संख्या घटली, पकडण्याची ताकद मात्र वाढतच गेली.

समुद्रातले दिवस वाटून देण्याची पद्धत उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांनी 1996 मध्ये आणली. जाळ्यात पाच जातींचे मासे एकत्र येत असतील तर ही सोयीची, कारण कोट्याबाहेरचा, म्हणजे प्रत्येकाला पकडीतला जो वाटा ठरवून दिलाय त्यापलीकडचा, मासा फेकून द्यायचं कारण उरत नाही. गोम अशी की मासे शोधणाऱ्या नव्या ध्वनियंत्रासोबतचा (सोनार) एक दिवस जुन्या दीड दिवसाच्या तोडीचा ठरू शकतो. म्हणजे दिवस दरवर्षी कापायला हवेत, आणि तो वाईटपणा घ्यायला कुणी तयार नसतं.

विकता येणाऱ्या कोट्यात हे कापणं मालक आपापसांतच करतात: ज्याला परवडत नाही तो आपला वाटा विकून बाहेर पडतो. अलास्कात हा कोटा 1995 मध्ये आला, हंगाम सुमारे आठ महिन्यांचा झाला आणि ताजा हॅलिबट बाजारात दिसू लागला. पण वाटे जुन्या पकडीच्या हिशेबाने मालकांना मिळतात. वर्षानुवर्षं दोऱ्या ओढणाऱ्या खलाशाला काहीच नाही. पुढे हे वाटे मोजक्या हातांत गोळा होतात, म्हणून एकाकडे किती असावेत यावर अलास्कासारखी मर्यादा पहिल्या दिवसापासून घाला.

धक्के मोजके असतील आणि उतरणारा प्रत्येक मासा तोलता येत असेल तर मी कोटा निवडेन. छोट्या बोटी शंभर ठिकाणी मासळी उतरवत असतील तर दिवस बरे, सोबत इंजिन आणि जाळ्यावर बंधन. परवान्यांची खरेदी नवीन बोटींना दार बंद केल्यावरच. आणि डिझेलवरची सबसिडी चालू असेल तर आधी ती थांबवा. एका हाताने बोटी काढायच्या आणि दुसऱ्याने त्यांचं इंधन भरायचं, असा कारभार बऱ्याच ठिकाणी चालतो.