लाल कोळ्यांवर निंबोळी तेल: कोथरूडच्या गॅलरीत तीन बाटल्या वापरून पाहिल्यावर

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची गॅलरी पश्चिमेला आहे आणि तिथल्या अरेका पामची पाने मार्चच्या सुरुवातीपासून राखाडी दिसू लागली होती. समोर इमारतीचे बांधकाम चालू असल्यामुळे ती धूळच असणार असे मी धरून चालले होते. ओल्या फडक्याने पाने पुसायची आणि चार दिवसांनी ती पुन्हा तशीच झालेली पाहायची, असे दोन आठवडे गेले. शेवटी वडिलांचे पंचांग वाचायचे भिंग घेतले आणि एक पान उलटे केले. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना तिखटाच्या कणांएवढे ठिपके होते आणि ते चालत होते. त्यांच्यामध्ये अगदी बारीक, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पारदर्शक गोल अंडी होती आणि या सगळ्यावर पाण्याचा फवारा पडल्याशिवाय दिसणार नाही इतकी तलम जाळी होती. पान पांढऱ्या कागदावर झटकले आणि पडलेला ठिपका बोटाने पुसला, तर तांबूस रेघ उमटली. शेतकरी ज्याला लाल कोळी म्हणतात, तो स्पायडर माइट आमच्या घरात येऊन चांगला स्थिरावला होता.

त्यानंतरच्या दीड महिन्यात मी निंबोळीची तीन वेगवेगळी उत्पादने वापरली. घरातल्या कुंड्यांसाठी यांतले कोणते विकत घ्यावे आणि कोणते घेऊ नये, एवढेच मला येथे सांगायचे आहे. मात्र त्यासाठी या किडीविषयी दोन गोष्टी आधी सांगाव्या लागतील, कारण त्या माहीत नसल्यामुळेच माझे पहिले पैसे वाया गेले.

कोळी हा कीटक नाही. पूर्ण वाढलेल्या कोळ्याला आठ पाय असतात, त्याची लांबी साधारण अर्धा मिलिमीटर भरते आणि तो पानाच्या पाठीवर बसून पेशींतला रस शोषतो, म्हणून पानाच्या वरच्या बाजूला फिकट पिवळसर टिपक्यांची नक्षी उठते. मावा किंवा पांढऱ्या माशीसाठी घरात आणून ठेवलेली कीटकनाशके त्याच्यावर सहसा चालत नाहीत. उलट इमिडाक्लोप्रिड किंवा सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधे फवारल्यावर कोळी वाढल्याचा अनुभव शेतीत सर्वज्ञात आहे. या औषधांनी कोळ्यांना खाणारे मित्रकीटक मरतात, हे त्याचे एक मोठे कारण. दुसरी गोष्ट वेगाची. कोरड्या हवेत आणि तिशीच्या तापमानात अंड्यापासून पूर्ण कोळी तयार व्हायला जेमतेम आठवडा लागतो. पुण्याच्या एप्रिलमधली दुपार, बंद काचांची गॅलरी आणि भिंतीला खेटून ठेवलेली कुंडी हे त्याला मनासारखे घर आहे.

पहिले उत्पादन ऑनलाइन मागवलेला तयार नीम स्प्रे होता, अर्ध्या लिटरची बाटली आणि वर फवाऱ्याचे झाकण. कंपनीचे नाव मी घेत नाही, कारण अशाच धर्तीच्या बाटल्या अनेक नावांनी मिळतात. लेबलवर पानांची सुंदर चित्रे होती आणि नैसर्गिक हा शब्द चार ठिकाणी होता, परंतु तेल किती टक्के, अझाडिरेक्टिन हे कडुनिंबातले औषधी द्रव्य किती, हे कोठेही लिहिलेले नव्हते. बाटली दोन दिवस उभी राहिली की वर पिवळट कडे जमत असे आणि खाली जवळपास पाणीच उरत असे. माझी खरी तक्रार फवाऱ्याची आहे. कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतो, म्हणून बाटली तिरकी करून खालून वर फवारावे लागते. ही बाटली तिरकी केली की नळी हवा ओढू लागायची आणि झाकणातून धुक्याऐवजी एकच धार यायची. सलग चार दिवस फवारूनही भिंगाखाली कोळी तसेच चालताना दिसले. कंपनीच्या ग्राहक सेवेला कळवले, तेव्हा आणखी आठवडाभर रोज फवारा असे एका ओळीचे उत्तर आले. ज्या बाटलीत औषध किती आहे हे सांगितलेले नाही, ती रोज फवारून काय होणार, हा माझा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.

म्हणून एका शनिवारी सकाळी मार्केट यार्डात गेले. तिथल्या बी-बियाणे आणि औषधांच्या दुकानात माझी पाळी आली, तेव्हा दुकानदारांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, क्षेत्र किती आहे?” सतरा कुंड्या आहेत म्हटल्यावर ते थांबले, कोणती झाडे आहेत आणि ती घरात आहेत की बाहेर, हे विचारले आणि मगच फडताळाकडे वळले. त्यांच्याकडे कोळीनाशकेही होती, पण आपण होऊन त्यांनी ती दाखवली नाहीत. “घरात लहान मूल असेल, खिडक्या बंद असतील, तर ही औषधं देत नाही मी,” असे ते म्हणाले. ही सचोटी मला फार मोलाची वाटते. शेतासाठी बनवलेले कोळीनाशक घरातल्या बंद खोलीत फवारण्याचा सल्ला आजकाल कोणीही कोणालाही देतो, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे.

त्यांनी माझ्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या. एक होती १०,००० पीपीएमच्या निंबोळी औषधाची आणि दुसरी लाकडी घाण्याच्या निंबोळी तेलाची साधी बाटली, जिच्यावर पीपीएमचा उल्लेखच नव्हता. हा पीपीएमचा आकडा नीट समजून घ्यायला हवा, कारण गिऱ्हाईक त्यालाच भुलते. कडुनिंबाच्या बियांमध्ये असणाऱ्या अझाडिरेक्टिन या द्रव्याचे औषधातले प्रमाण, म्हणजे दर दहा लाख भागांत ते किती भाग आहे, हे तो सांगतो. १०,००० पीपीएम म्हणजे १ टक्का, १,५०० म्हणजे ०.१५ टक्के आणि ३०० म्हणजे ०.०३ टक्के. अळ्यांची भूक मारणे, त्यांची कात टाकण्याची क्रिया बिघडवणे हे काम अझाडिरेक्टिन उत्तम करते, त्यामुळे अळीसाठी मोठा आकडा पाहणे योग्यच आहे. कोळ्यांवर मात्र बराचसा परिणाम तेलाच्या थराचा होतो. तेल कोळ्याच्या अंगावर आणि अंड्यांवर पसरून त्यांचा श्वास कोंडते. जास्त पीपीएमच्या औषधाची मात्रा लिटरला दोन-तीन मिलिलिटर एवढीच असते आणि त्यात द्रावकाचा भागही असतो, त्यामुळे पानावर तेल फारच थोडे पोहोचते.

मी दोन्ही घेतल्या आणि कुंड्यांचे दोन गट केले. एका गटावर १०,००० पीपीएमचे औषध लेबलवरच्या मात्रेने फवारले आणि दुसऱ्यावर घाण्याचे तेल. पाचव्या दिवशी भिंग लावले, तेव्हा पहिल्या गटात चालणारे कोळी कमी झाले होते, पण अंडी टपोरी आणि चकचकीत होती. दुसऱ्या गटात बहुतेक अंडी सुकून चपटी, मळकट झाली होती. सतरा कुंड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या फवारणीपासून मी तुळस सोडून बाकी सगळ्या कुंड्यांना घाण्याचे तेलच वापरले आणि त्याचा मला पश्चात्ताप झाला नाही.

घाण्याच्या तेलाची अडचण अशी की ते पाण्यात मिसळत नाही आणि हे मिसळणे जमले नाही, तर चांगल्यातले चांगले तेलही पानावर डाग पाडून वाया जाते. माझी पद्धत सांगते. एक लिटर कोमट पाण्यात आधी दीड मिलिलिटर पोटॅशियमचा द्रव साबण विरघळवायचा, मग त्यात ५ मिलिलिटर तेल बारीक धारेने सोडत ढवळत राहायचे. पाणी पातळ ताकासारखे एकसारखे पांढरट झाले की मिश्रण जमले. वर तेलाचे डोळे तरंगत असतील, तर ते फवारू नये. आमच्याकडे महापालिकेचे पाणी येते, त्यात हे लगेच जमते. एकदा सोसायटीला दोन दिवस बोअरच्या पाण्यावर काढावे लागले, तेव्हा मात्र साबण फाटला आणि दह्यासारख्या कण्या झाल्या, कारण जड पाण्यात साबण टिकत नाही. ज्यांच्याकडे टँकरचे किंवा बोअरचे पाणी येते, त्यांनी फवारणीपुरते पिण्याच्या आरओ फिल्टरचे पाणी घ्यावे. भांडी घासण्याचा लिक्विड साबण वापरून पाहण्याचा मोह होतो, पण त्यातली डिटर्जंटे कोवळ्या पानांचा मेणाचा थर काढून टाकतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे, उरवून ठेवू नये.

फवारण्यापूर्वी प्रत्येक कुंडी न्हाणीघरात नेऊन, मातीवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, हँडशॉवरने पानांच्या पाठी जोरदार धुतल्या. या धुण्याला मी औषधाइतकेच महत्त्व देते. जाळी आणि निम्म्याहून अधिक कोळी पाण्यानेच वाहून जातात आणि मग तेल थेट पानापर्यंत पोहोचते. फवारण्यासाठी हाताने हवा भरायचा दोन लिटरचा पंप घेतला. त्याचे पितळी नोझल फिरवून हवे तसे धुके करता येते आणि पंप आडवा धरला तरी धार तुटत नाही. सर्व खरेदीत मला सर्वांत समाधान या पंपाने दिले.

फवारण्या चार केल्या: २५ मार्च, ३० मार्च, ५ एप्रिल आणि ११ एप्रिल. या अंतराला कारण आहे. एका फवारणीतून जी अंडी वाचतात, त्यांतून निघालेली पिल्ले मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्याच्या आत पुढची फवारणी व्हायला हवी. दुसऱ्या फवारणीनंतर झाड स्वच्छ दिसू लागते आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. मीही थांबले असते, पण ४ एप्रिलला पामच्या सर्वांत आतल्या कोवळ्या कोंबाच्या बेचक्यात भिंगाने सात-आठ पिल्ले सापडली. ती सहा पायांची आणि जवळजवळ रंगहीन असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसणारच नव्हती.

दोन नुकसाने झाली. ५ एप्रिलला घाईत दुपारी चार वाजता फवारणी केली आणि पश्चिमेचे ऊन थेट गुलाबावर आले. दुसऱ्या दिवशी त्याच्या पानांच्या कडा करपलेल्या होत्या. तेल लागलेल्या पानाला ऊन सोसत नाही, म्हणून फवारणी सूर्य मावळल्यावरच करावी. दुसरे नुकसान नेच्याचे झाले. त्याची पाने तेल सहन करत नाहीत आणि त्याचे दोन तुरे तपकिरी पडले. नाजूक पानांच्या झाडांवर आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहणे श्रेयस्कर. तुळशीवर मी तेल मुळीच वापरले नाही. तिची पाने आमच्याकडे चहात आणि तीर्थात पडतात, त्यामुळे तिला एक दिवसाआड फक्त पाण्याने पाठीकडून धुतले. तीन आठवडे लागले, पण ती सुधारली.

तेलाचा वास उग्र आहे, लसूण आणि जळकट शेंगदाणे एकत्र केल्यासारखा, आणि तो घरात रात्रभर राहतो. ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी हे ध्यानात घ्यावे. मासे पाळले असतील तर टाकी झाकावी. बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवणे तर अत्यावश्यक आहे. कडुनिंब औषधी म्हणून त्याचे तेल पोटात गेले तरी चालेल असा समज घरोघरी असतो, पण लहान मुलांना ते पाजल्याने गंभीर विषबाधा झालेली आहे. थंडीत हे तेल गोठून तुपासारखे होते. ते बिघडलेले नसते, बाटली कोमट पाण्यात ठेवली की पूर्ववत होते.

पैशांचे सांगायचे तर तयार स्प्रेला साडेतीनशे रुपये गेले आणि तो आठ दिवसांत संपला. घाण्याच्या तेलाची १०० मिलिलिटरची बाटली १२० रुपयांना मिळाली. सगळ्या कुंड्यांना एका वेळी दोन लिटर मिश्रण लागते, त्यामुळे चार फवारण्यांनंतरही तिच्यात निम्म्याहून अधिक तेल शिल्लक आहे. पुढच्या वेळी मी हेच तेल आणि त्याच दुकानातून घेईन. १०,००० पीपीएमची बाटली मी जास्वंदीवरच्या अळ्यांसाठी राखून ठेवली आहे, तिथे ती आपले काम चोख करते.

कोळी आला कोठून, हे मागाहून उलगडले. फेब्रुवारीत सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आणलेला क्रोटन मी त्याच संध्याकाळी पामला चिकटून ठेवला होता आणि त्याच्या खालच्या जुन्या पानांवर सर्वांत दाट जाळी होती. आता नवे रोप दोन आठवडे जिन्याजवळच्या खिडकीत एकटे राहते. भिंग तिथेच खिळ्याला टांगले आहे आणि रोज सकाळी पाणी घालताना मी त्याची तीन पाने उलटी करून पाहते.