वळणावर सहा लेन की आठ?
धावण्याच्या शर्यतींच्या जुन्या मैदानांवर एक गोष्ट हमखास खटकते: प्रेक्षागृहासमोरच्या सरळ पट्ट्यात आठ लेन, म्हणजे एकेका धावपटूच्या आखलेल्या मार्गिका असतात, पण वळण आले की सातवी आणि आठवी संपते आणि पुढे सहाच उरतात. ही जागेची तडजोड आहे, १.२२ मीटरच्या दोन लेन वगळल्या की दोन्ही वळणांकडून मिळून मैदानाची लांबी ४.८८ मीटरने वाचते, आणि १०० मीटरला आठ जण धावतातच. बालेवाडीच्या ट्रॅकवर, जिथे २०१३ साली आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा झाली, आठही लेन पूर्ण फेरी घेतात. बाहेरच्या लेनची फेरी लांब पडते, म्हणून तिथे ४०० मीटरला आठव्या लेनचा धावपटू पहिल्या लेनमधल्यापेक्षा ५३.०३ मीटर पुढून सुटतो, त्यामुळे त्याला बराच वेळ प्रतिस्पर्धी दिसतच नाही. सहा लेनमध्ये हे अंतर ३७.७० मीटरवर थांबते. उलट २०० मीटरला बाहेरचे वळण सौम्य, म्हणून उंच मुलांना तेच सोयीचे पडते. शालेय स्पर्धांना सहा लेन पुरतात, हे मान्य. मात्र चोवीस मुले असली की तीनऐवजी चार हीट, म्हणजे प्राथमिक शर्यती, घ्याव्या लागतात, आणि पुण्यातल्या एप्रिलच्या उन्हात ती चौथी हीट पंचांनाही नकोशी होते.