नाशिकहून बसायला जावे कुठे: पणजी, बेंगळुरू, कुलाबा की गंगापूर धरणाचा काठ

शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली की नाशिकच्या मित्रमंडळींमध्ये मद्याच्या बैठकीसाठी कुठे जावे हा प्रश्न निघतोच, आणि त्याचा निकाल बहुधा ज्याच्या मोबाइलमधील छायाचित्रे अधिक आकर्षक असतात त्याच्या बाजूने लागतो. प्रवासात आवडलेल्या तीन शहरांतील जागा आणि आपल्या दाराशी असलेल्या वायनरी यांची येथे तुलना केली आहे. त्यासाठी निकष दोनच लावले आहेत: पुढ्यात आलेल्या पेयाचा त्या जागेशी काही संबंध आहे का, आणि बैठक मोडल्यावर मुक्कामी सुखरूप कसे पोहोचायचे. सजावट आणि संगीत यांचा विचार केलेला नाही, कारण त्या बाबतीत अलीकडे सगळी शहरे एकमेकांची नक्कल करू लागली आहेत.

पहिल्या निकषावर पणजीला तोड नाही, मात्र योग्य महिन्यात गेल्यास. गोव्याला जाणारे बहुतेक नाशिककर कळंगुट किंवा बागा येथे उतरतात आणि तेथील शॅकमध्ये जी बिअर मागवतात तीच कॉलेज रोडच्या परिसरातील कोणत्याही परमिट रूममध्ये मिळते; वेगळा असतो तो फक्त समोरचा समुद्र. याउलट पणजीच्या फोंतेन्हास आणि सांतोमे या जुन्या वस्त्यांमधील लहान बारमध्ये काजूची फेणी हे रोजचे पेय आहे, आणि मार्च ते मे या काळात तेथे हुर्राकही मिळते. झाडावरून आपोआप गळून पडलेली काजूची पिकलेली बोंडे गोळा करून तुडवली जातात, निघालेला रस आंबवला जातो आणि भट्टीवर एकदा उतरवला की सौम्य हुर्राक तयार होते. तीच पुढे पुन्हा उतरवली की सुमारे ४२ टक्के मद्यांशाची फेणी मिळते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फेणी बाटलीत भरून कितीही दिवस ठेवता येते, हुर्राक मात्र हंगामातच प्यावी लागते, आणि ती लिम्का, लिंबू, मीठ व उभी चिरलेली हिरवी मिरची घालून प्यायची पद्धत एप्रिलच्या उकाड्यात किती शहाणपणाची आहे हे पहिल्याच ग्लासात पटते.

या भागातील जोसेफ बार पर्यटकांमध्येही आता चांगलाच प्रसिद्ध झाला आहे. आत मोजकीच माणसे मावत असल्याने उरलेली मंडळी ग्लास हातात घेऊन गल्लीत उभी राहतात, आणि आजूबाजूला लोकांची राहती घरे असल्याने आवाज बेताचाच ठेवावा लागतो. ज्यांना नाचायचे आहे किंवा टेबलावर पाच-सहा पदार्थ मांडून निवांत जेवायचे आहे, त्यांची येथे निराशा होईल. ज्यांना उभ्याने गप्पा मारायला चालते, त्यांच्यासाठी दुसऱ्या निकषावरही हीच जागा सरस ठरते: जुन्या घरांत थाटलेली निवासगृहे त्याच गल्ल्यांमध्ये असल्यामुळे रात्री वाहनाला हात लावण्याची वेळच येत नाही. अडचण आहे ती प्रवासाची. मुंबई गाठून कोकण रेल्वेने करमळीला उतरणे हा त्यातल्या त्यात सुखाचा मार्ग, पण दोन दिवसांच्या सुट्टीत तो बसत नाही. शिवाय परतताना गोव्यातील स्वस्त बाटल्या गाडीच्या डिकीत भरण्याचा मोह आवरावा, कारण परवान्याविना त्या महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा आहे आणि सावंतवाडीजवळच्या इन्सुली येथील उत्पादन शुल्क विभागाचा नाका त्यासाठीच आहे.

आता घराकडे पाहू. गंगापूर-सावरगाव रस्त्यावरील वायनरींना नाशिककर बहुधा पाहुण्यांच्या निमित्ताने जातो आणि मनातून त्यांना थोडे कमी लेखतो, हे अन्यायाचे आहे. सुलाची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली आणि २००५ मध्ये तेथे चवदालन सुरू झाले. द्राक्षाच्या वेलीपासून ग्लासापर्यंतचा सगळा प्रवास एकाच आवारात दाखवण्याची कल्पना तेव्हा देशात नवी होती. त्याच रस्त्यावर पुढे यॉर्क आहे. तिचे नाव इंग्लंडमधील शहरावरून आलेले नसून संस्थापक कुटुंबातील तीन मुलांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून तयार झाले आहे, आणि २०२१ पासून ती सुलाच्याच मालकीची आहे. दोन्हीकडून धरणाचे पाणी दिसते. दोहोंतील निवड सोपी आहे: पाहुणा पहिल्यांदाच आला असेल आणि त्याला वायनरीची फेरी, गर्दी, जेवणाचे पर्याय आणि खरेदी हे सगळे हवे असेल तर सुला, ज्याला शेनिन ब्लांक या पांढऱ्या वाईनचा एक ग्लास घेऊन पाण्याकडे बघत बसायचे आहे त्याने यॉर्क गाठावी. सुलाफेस्ट या संगीत महोत्सवाच्या दिवसांत मात्र या रस्त्यावर शांतपणे बसण्याची अपेक्षा धरू नये.

तिसरा पर्याय इगतपुरीच्या बाजूला, सांजेगाव परिसरात मुकणे धरणाच्या पाण्याजवळ असलेल्या व्हॅलोनेचा आहे. जागा लहान, उत्पादन बेताचे आणि वाईनबद्दल प्रश्न विचारणाऱ्या पाहुण्यांची संख्या तुलनेने जास्त; मुंबईहून येणाऱ्यांना ती वाटेवर पडते, नाशिक शहरातून मात्र खास वेळ काढून जावे लागते.

वायनरी या मुळात दिवसाच्या जागा आहेत, ही त्यांची मर्यादा मान्य करावी लागेल. सूर्य धरणापलीकडे गेला की पाहण्यासारखे फारसे उरत नाही, आणि रात्रीची रंगत शोधणाऱ्या तरुण पाहुण्याला मग मुंबई नाका किंवा पाथर्डी फाट्याकडील हॉटेलांतील बारकडे न्यावे लागते, जे नीटनेटके असले तरी त्यांच्यात खास नाशिकचे असे काही नाही. त्यापेक्षा एखादी जुनी परमिट रूम बरी, जिथे वेटर नेहमीच्या गिऱ्हाइकाची पसंती ओळखून असतो आणि चखण्याचे शेंगदाणे न मागता येतात. हंगामाचे गणितही येथे पणजीइतकेच महत्त्वाचे आहे. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर वेलींवर घड धरतात आणि वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्च या काळात चालते. त्या दिवसांत वायनरीत गाळपाचा वास, ट्रॅक्टरची ये-जा आणि कामाची लगबग असते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर गेलात तर समोर काड्या आणि तारा दिसतील, वाईन तेवढी तीच असेल.

बेंगळुरूचा विचार समूह मोठा असेल आणि प्रत्येकाची आवड वेगळी असेल तेव्हा करावा. इंदिरानगरमधील शंभर फुटी रस्त्यावरच्या टॉइटने २०१० मध्ये त्याच इमारतीत बिअर बनवून विकायला सुरुवात केली, आणि पुढच्या काही वर्षांत अशा जागांचे शहरभर पीक आले. व्हाइटफील्डचे विंडमिल्स क्राफ्टवर्क्स हे त्यांतील सर्वांत निराळे, कारण तेथे बिअरसोबत पुस्तकांची कपाटे आणि जॅझचे जिवंत कार्यक्रम आहेत. बाटलीबंद बिअर टिकवण्यासाठी तापवली जाते. ही ताजी बिअर तशी तापवलेली नसते आणि लवकर संपवावी लागते, म्हणून तिचा स्वाद जागेवरच घेण्यात अर्थ आहे. तरीही गहू आणि बासमती घालून केलेल्या बिअरचे कौतुक करताना एक गोष्ट खटकते, ती म्हणजे बार्ली आणि हॉप्स ही दोन्ही बाहेरून आलेली असतात. पणजीच्या बोंडांचे किंवा आपल्या द्राक्षांचे मातीशी असलेले नाते येथे नाही. त्याची भरपाई शहराच्या सवयींनी होते. बार रात्री एकपर्यंत चालतात, एकट्या बसलेल्या स्त्रीकडे कोणी वळून पाहत नाही, आणि इंदिरानगरला मेट्रोचे स्थानक आहे. व्हाइटफील्डहून टॅक्सीने परतायचे झाल्यास मात्र बराच वेळ जाईल हे गृहीत धरावे.

कुलाब्याबद्दल थोडक्यात. १८७१ पासूनचे लिओपोल्ड आणि मारिओ मिरांडा यांच्या चित्रांनी भरलेल्या भिंतींचे मोंडेगार ही दोन्ही ठिकाणे एकदा पाहावीत अशी आहेत. लिओपोल्डमध्ये २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील गोळ्यांच्या खुणा अजून जपलेल्या आहेत. पेय म्हणून तेथे वेगळे काही नाही. नाशिककराची खरी पंचाईत परतीची: पंचवटी एक्सप्रेस संध्याकाळी सहानंतर लगेच सुटते, म्हणजे कुलाब्याला रंग चढण्याआधीच. मुक्काम करण्याची तयारी नसेल तर दुपारची बिअर आणि पंचवटी एवढाच बेत आखावा.

निवड करताना कायद्याची बाजूही पाहावी. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची आहे, तर गोव्यात सर्वच मद्यांसाठी ती २१ आहे. त्यामुळे बावीस-तेवीस वर्षांच्या भाच्याला फेणी चाखवायची असेल तर ती पणजीतच. गाडी चालवणाऱ्याच्या रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्यासाठी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि चवदालनात एकामागोमाग आलेले लहान घोटही यात मोजले जातात. गंगापूर रस्त्यावर संध्याकाळी रिक्षा सहज मिळत नाही. तेव्हा न पिणारा एक जण सोबत असेल किंवा परतीची गाडी आधीच ठरवली असेल, तरच तो पर्याय निवडावा, अन्यथा तेथेच मुक्काम करावा.

चार दिवस हाताशी असतील आणि महिना एप्रिलचा असेल तर पणजी. मित्र बरेच असतील आणि पाऊस असेल तर बेंगळुरू. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र नाशिक सोडून कोठेही जाण्याचे कारण दिसत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत, तेव्हा शहरात खोली मिळणार नाही आणि वेलींवर एकही घड नसेल. त्या काळात वाईनसाठी येऊ पाहणाऱ्या पाहुण्याला सरळ पुढच्या फेब्रुवारीची तारीख द्यावी.