मुंबईत एकच नाटक बघायचं असेल तर: शिवाजी मंदिर, एनसीपीए की पृथ्वी?

राजधानीत दोन दिवसांसाठी येणारे किंवा नोकरीनिमित्त नुकतेच इथे राहायला आलेले नाटकवेडे हमखास विचारतात, की पहिलं नाटक कुठे बघू? नाटक बघून ठिकाण ठरवावं, हे बरोबरच. पण नाट्यगृहही संध्याकाळ घडवतं किंवा बिघडवतं. माझ्या मते खरी निवड तिघांतच आहे: दादरचं शिवाजी मंदिर, नरिमन पॉइंटचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आणि जुहूचं पृथ्वी. रवींद्र नाट्यमंदिर, यशवंत नाट्यमंदिर, पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह ही आपलीच घरं आहेत. पण त्यांचा पोत शिवाजी मंदिराच्या जवळचा, म्हणून त्यांची वेगळी चर्चा करत नाही.

मराठी व्यावसायिक नाटकाची नाडी बघायची असेल, तर शिवाजी मंदिराला तोड नाही. प्लाझा सिनेमासमोर, दादर स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, १९६५ पासून उभं. शनिवार-रविवारी एक प्रयोग सुटतो आणि पुढच्या प्रयोगाचे प्रेक्षक जिन्यात भेटतात. उतरणारे बोलत असतात, चढणारे त्यांच्या चेहऱ्यांवरून अंदाज बांधत असतात. मध्यंतरातला बटाटेवडा, पहिल्या वाक्याला दाद देणारे आजोबा, नटाच्या एंट्रीला पडणारी टाळी हे सगळं तिथेच अनुभवावं. ज्याने कधीच मराठी नाटक रंगमंचावर पाहिलेलं नाही, त्याला मी आधी इथेच पाठवीन.

एनसीपीएचा थाट वेगळा. १९६९ साली जेआरडी टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने संस्था सुरू झाली. तिथलं टाटा थिएटर १९८० चं. फिलिप जॉन्सन हे त्याचे वास्तुरचनाकार आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी सांभाळली. हजारभर आसनांचं सभागृह, आणि तरी गायकाचा आवाज माईकशिवाय पोचावा, या हिशेबानेच बांधलेलं. ख्याल ऐकायला मुंबईत याहून चांगली जागा मला तरी ठाऊक नाही. तिथला ‘प्रतिबिंब’ मराठी नाट्यमहोत्सवही चुकवू नये असा. मात्र चर्चगेटला उतरून पुढे टॅक्सी किंवा बस करावी लागते, आणि रात्री उशिरा लांबच्या उपनगरात परतायचं असेल तर शेवटच्या अंकात लक्ष घड्याळाकडे जातं.

आता ज्या गोष्टीने माझा कल ठरला, ती सांगतो: माईक. मोठ्या नाट्यगृहात माईक लागतो हे मान्य. पंखे, एसी, मागची रांग, बाहेरची वाहतूक यांच्यावर मात करायची तर नटाने किती ओरडायचं? तरीही एका मोठ्या नाट्यगृहात (नाव सांगत नाही, हे कुठेही घडू शकतं) बघितलेला एक प्रवेश मनातून जात नाही. वडील आणि मुलगी, भांडण संपल्यानंतरची शांतता. मुलगी डावीकडे चादरीची घडी घालत बोलत होती आणि तिचा आवाज उजवीकडच्या स्पीकरमधून येत होता. ती पाठमोरी वळली की शब्द विरायचे. रंगमंचाच्या कडेच्या माईककडे आली की अंगावर यायचे. वडिलांच्या चपलांचा आवाज त्यांच्या वाक्यापेक्षा मोठा. दोघंही उत्तम काम करत होते, आणि तरी मला सबंध प्रवेशभर माणूस एकीकडे दिसत होता आणि ऐकू दुसरीकडून येत होता. तेव्हापासून नाट्यगृह निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, की आवाज नटाच्या तोंडातून येणार का?

पृथ्वीत तो येतो. शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी पृथ्वीराज कपूर यांच्या स्मरणार्थ १९७८ साली हे नाट्यगृह उभं केलं, वेद सेगन यांनी त्याची रचना केली, आणि पडदा उघडला तो आपल्या गो. पु. देशपांड्यांच्या नाटकाच्या हिंदी प्रयोगाने. आसनं सुमारे दोनशे, रंगमंचाच्या तीन बाजूंनी. नटाने काडी ओढली की गंधकाचा वास पहिल्या रांगांपर्यंत येतो. कुणी कुजबुजलं तर ती कुजबुजच राहते, आणि ती ऐकायला सगळे प्रेक्षक नकळत पुढे झुकतात. इतका शांत प्रेक्षकवर्ग मोठ्या सभागृहात जमणं कठीणच.

पृथ्वीच्या उणिवाही आहेतच. मराठी प्रयोग थोडे, हिंदी-इंग्रजी जास्त. स्टेशनहून रिक्षा करावी लागते आणि जुहूची रहदारी कुणाच्या हातात नसते. तिसऱ्या घंटेनंतर आत घेत नाहीत, मग तुम्ही कितीही लांबून आलेले असा. मला हा नियम आवडतो. उशिरा येणाऱ्यांचे मोबाइलचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत. ज्यांच्यासोबत लहान मुलं किंवा चालायला त्रास होणारी ज्येष्ठ मंडळी आहेत, त्यांना मात्र दादर किंवा पार्लेच सोयीचं पडेल.

रॉयल ऑपेरा हाऊसबद्दलही विचारणा होते. वास्तू देखणी आहे, २०१६ साली ती पुन्हा खुली झाली आणि तिथे एके काळी बालगंधर्व आणि मास्टर दीनानाथ गायले, एवढं कारण एकदा जायला पुरेसं. पण नेमक्या आपल्या तारखेला तिथे नाटक मिळेलच असं नाही.

तेव्हा माझं मत विचाराल तर असं: गाणं ऐकायचं असेल तर टाटा थिएटर, घरच्या दहाजणांना घेऊन निघालात तर शिवाजी मंदिर. एकटे किंवा दोघं असाल, भाषेचा आग्रह थोडा सैल असेल, तर पृथ्वीचं तिकीट काढा. नंबर नसलेल्या आसनांवर जो आधी पोचेल तो बसतो, म्हणून अर्धा तास आधी रांगेत उभे राहा. मधल्या भागात तिसरी-चौथी रांग मिळाली तर सोडू नका, आणि कॅफेतला चहा प्रयोगानंतरच घ्या.