खिडकीतली टेकडी

घर बघायला आलेल्या पहिल्याच जोडप्यातला नवरा बैठकीच्या खोलीतल्या खिडकीपाशी गेला, बाहेर डोकावला, मग मान वाकडी करून आधी डावीकडे आणि मग उजवीकडे बघू लागला. "टेकडी कुठून दिसते?" त्यानं विचारलं. मला वाटलं, सकाळपासून चार घरं बघून माणसाचा गोंधळ उडालाय. मी हसून म्हटलं, "इथून टेकडी नाही दिसत, समोर इमारत आहे ना." त्याच्या बायकोनं काही न बोलता मोबाइल काढला आणि आमच्याच जाहिरातीतला फोटो माझ्यापुढे धरला. सोफा आमचा, पडदे आमचे, आणि खिडकीत हिरवीगार टेकडी. वर दोन पांढरे ढगसुद्धा.

तो फोटो मीच टाकला होता. पैसे मोजून 'सुधारून' घेतलेला. ते दोघं पाच मिनिटांत निघून गेले आणि जाताना बाईंनी ज्या नजरेनं माझ्याकडे बघितलं, ती नजर बुडालेल्या पैशांपेक्षा जास्त झोंबली. फसवलं होतं मला, पण त्यांच्या लेखी फसवणारी मीच होते.

सुरुवात साधी होती. घर विकायचं म्हणून मी मोबाइलवर फोटो काढले आणि ते भयानक आले. खोल्या अंधाऱ्या, भिंती पिवळट, खिडक्यांच्या जागी नुसते पांढरे चौकोन. घरांचे फोटो आणि व्हिडिओ सुधारून देणारा एक माणूस ऑनलाइन सापडला. त्याच्या पानावर 'आधी' आणि 'नंतर' अशा फोटोंच्या जोड्या होत्या. प्रत्येक जोडीखाली लिहिलेलं: पहिला फोटो मालकाच्या मोबाइलवरचा, दुसरा आमच्या कॅमेऱ्यावरचा. 'आधी'त कोंदट खोली, 'नंतर'मध्ये तीच खोली जशी मासिकातली. मी भाळले.

फोनवर बोलायला अगदी गोड. "मॅडम, आम्ही येऊन शूट केलं तर जास्त पडेल. तुमचेच फोटो पाठवा, मी करतो ना. फक्त मोबाइलचा कॅमेरा अर्ध्या पटावर, म्हणजे ०.५ वर ठेवा आणि कोपऱ्यात उभं राहून काढा, खोली मोठी दिसते." मी तसं केलं. मग म्हणाला, "खिडक्या पांढऱ्या झाल्यात ना, काळजी करू नका, बाहेरचं दृश्य परत आणू."

थांबायचं होतं ते इथेच, पण तेव्हा मला कुठलं कळायला! भाचीनं नंतर समजावलं (ती व्हिडिओ एडिटिंगचं काम करते, आणि तिला आधी विचारलं नाही म्हणून ती अजून मला टोमणे मारते). "मावशी, मोबाइलचा साधा जेपेग फोटो म्हणजे एकेका रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या. खिडकी सगळ्यांत वरच्या पायरीला जाऊन टेकली की तिथे फक्त पांढरं उरतं. जे टिपलंच गेलं नाही, ते परत कुठून आणणार?" बाहेरचं दृश्य खरंच हवं असेल तर कॅमेरा तिकाटण्यावर (ट्रायपॉडवर) ठेवून एकाच जागेवरून तीन किंवा पाच फोटो काढतात. एक खिडकीच्या उजेडाला धरून, एक खोलीच्या अंधाराला धरून, बाकीचे मधले. मग ते एकावर एक बसवतात. म्हणजे मुळात काढतानाच ते दृश्य कुठल्यातरी फोटोत आलेलं असावं लागतं. माझ्या एकुलत्या एक फोटोतून 'परत आणणं' म्हणजे दुसरीकडचं काहीतरी आणून चिकटवणं. ते वाक्य तो बोलला तेव्हाच खोटं होतं.

अर्धे पैसे आधी घेतले. ज्या संकेतस्थळावर तो सापडला, तिथूनच पैसे द्यायचे असा नियम होता, पण "तिथे ते कमिशन कापतात, थेट दिलेत तर तुम्हालाच स्वस्त" म्हणाला. थोडे वाचतील म्हणून मी थेट दिले. त्याचा अर्थ नंतर उमगला: व्यवहार बाहेर झाल्यामुळे तिथे तक्रार करायची सोयच उरली नाही. तिथल्या मदतनिसानं दोन ओळीत कळवलं की तुमचा त्यांच्याशी आमच्यामार्फत काही करार झालेला नाही.

चार दिवसांनी नमुने आले. लहान आकाराचे, मधोमध त्याच्या नावाचा शिक्का. मी ते मोबाइलवर बघितले, बोटभर उंचीचे. छान वाटले. खिडकीत काहीतरी हिरवं होतं, मला वाटलं कुंपणाशेजारचं झाड. मी 'ओके' लिहिलं. उरलेले पैसे दिल्यावरच मोठ्या फाइली मिळणार होत्या, त्या मिळाल्या आणि मी त्या उघडूनही न बघता जाहिरातीत चढवल्या. पुढे भांडण झालं तेव्हा ते 'ओके' त्यानं मला तीनदा दाखवलं.

टेकडीवाल्या जोडप्यानंतर दोन दिवसांनी एक बाई टेप घेऊन आल्या. लहान खोलीत त्यांनी मापं घेतली आणि म्हणाल्या, "फोटोत इथे डबलबेड आहे, दोन्ही बाजूंना टेबलं आहेत. तो पलंग इथे बसतच नाही." ती खोली आमच्याकडे रिकामीच होती. रिकाम्या खोलीत कॉम्प्युटरवर फर्निचर मांडून दाखवणं ही तशी मान्य असलेली पद्धत आहे. फोटोवर तसं लिहिलेलं असावं आणि फर्निचर खोलीच्या मापात असावं, एवढंच. याच्यावर काही लिहिलं नव्हतं आणि पलंग खेळण्यातल्यासारखा बारका केलेला होता. पारखायला दार बघायचं. आपल्याला दाराची उंची ठाऊक असते, आणि माणूस झोपायचा पलंग दाराच्या उंचीपेक्षा खूपच आखूड दिसत असेल तर काहीतरी गडबड आहे. त्यात आणखी एक गंमत होती. खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाला आरसा आहे. फोटोत पलंग आरशासमोर होता आणि आरशात मात्र रिकामी फरशी.

तिसऱ्या भेटीतले आजोबा सरळ छताकडे बघत आत आले. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जुन्या गळतीचा डाग आहे. गळती कधीच दुरुस्त झाली, डाग तेवढा राहिलाय. फोटोत तो नव्हता. मी डाग काढायला सांगितलंच नव्हतं. आजोबा म्हणाले, "बाई, डाग असला तर असू दे. पण लपवलात म्हणजे अजून काय काय लपवलं असेल, असं वाटतं." यावर मी काय बोलणार? 'मी नाही लपवला' हे मलाच पटेना.

मग कोणीतरी तक्रार केली आणि जाहिरात उतरली. दिशाभूल करणारी छायाचित्रं, असं कारण दिलं होतं. पहिल्या दोन आठवड्यांत जेवढे फोन आले होते, तेवढे पुन्हा जाहिरात टाकल्यावर कधीच आले नाहीत. पैशांचा हिशोब करता येतो, या नुकसानीचा करता येत नाही.

त्या रात्री भाचीनं लॅपटॉपवर सगळ्या फाइली मोठ्या करून दाखवल्या आणि मला घाम फुटला. फळीवरच्या पुस्तकांच्या पाठींवर अक्षरांसारखं काहीतरी होतं, पण ते जगातल्या कुठल्याच लिपीतलं नव्हतं. स्विचबोर्डावरची बटणं एकमेकांत वितळलेली. गोल टेबल फोटोच्या कडेला अंड्यासारखं ताणलं गेलेलं. ते मात्र त्याच्या अर्ध्या पटाच्या सल्ल्याचं फळ. भाची म्हणाली, घरांचे फोटो काढणारे व्यावसायिक पूर्ण आकाराच्या (फुल-फ्रेम) सेन्सरच्या, म्हणजे उजेड टिपणाऱ्या मोठ्या चिपच्या कॅमेऱ्यावर साधारण १६ ते २४ मिलिमीटरच्या लेन्स वापरतात. १६ वर फोटोत मावणारा आडवा कोन जवळजवळ ९७ अंशांचा असतो, २४ वर ७४ च्या आसपास. मोबाइलचा अर्धा पट त्याहूनही रुंद. खोली मोठी दिसते खरी, पण कडेला असलेली प्रत्येक वस्तू ओढल्यासारखी होते, आणि प्रत्यक्षात येऊन बघणाऱ्याला ती खोली फोटोपेक्षा लहानच वाटणार. म्हणजे माणूस दारातच निराश.

आणि व्हिडिओ. "फोर-के मास्टरिंग" म्हणून त्याचे वेगळे पैसे घेतले होते. माझा मूळ व्हिडिओ १९२० बाय १०८०, म्हणजे एका चौकटीत सुमारे २० लाख पिक्सेल. त्यानं दिलेला ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख. "म्हणजे दर चारातले तीन पिक्सेल यंत्रानं स्वतःच्या मनानं भरलेत," भाची म्हणाली. चांगलं सॉफ्टवेअर हे नजरेला खटकणार नाही असं करतं. इथे कॅमेरा हलला की न्हाणीघरातल्या टाइलांच्या रेघा मुंग्यांसारख्या वळवळत होत्या. फाइल चौपट जड झाली आणि एकही नवी गोष्ट दिसायला लागली नाही.

मग तिनं त्याच्या पानावरच्या जोड्या उघडल्या. एका जोडीत भिंतीवर घड्याळ होतं. 'आधी'त चार वाजून सात मिनिटं. 'नंतर'मध्ये चार वाजून सात मिनिटं. पंख्याच्या वाऱ्यानं पडद्याची एक चुणी वर उचललेली, दोन्हींत तेवढीच. मालकानं मोबाइलवर आणि यानं कॅमेऱ्यावर एकाच मिनिटाला, एकाच जागेवरून, पडदा तसाच हवेत असताना फोटो काढला म्हणे! फोटो एकच होता, आणि तो चांगलाच होता. त्यानं त्यालाच काळवंडून, पिवळा करून 'आधी' बनवला होता. भाचीनं 'नंतर'चा फोटो उलट्या प्रतिमाशोधात (फोटो दिला की तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते दाखवणारा शोध) टाकला तर तो दुसऱ्याच कोणाच्या तरी जाहिरातीत सापडला, जास्त मोठ्या आकारात. हा शोध लावायला तिला एक मिनिटही लागलं नाही. पैसे देण्याआधी मीही लावू शकले असते.

मी त्याला फोन केला. आधी "मॅडम, खिडकीत सगळेच असं करतात." मग "तुम्हीच ओके केलंत." मी म्हटलं, निदान टेकडी आणि पलंग काढून द्या. तर त्या 'दुरुस्ती'चे वेगळे पैसे मागितले. त्यानंतर फोन उचलणं बंद.

'सगळेच असं करतात' यातलं काही खरं आहे, म्हणूनच ते धोक्याचं आहे. उजेड वाढवणं, रंगांचा तोल सावरणं, वाकड्या दिसणाऱ्या भिंती उभ्या करणं ही सुधारणा. घरात असलेलं काढणं किंवा नसलेलं घालणं ही सुधारणा नव्हे. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२६ पासून कायदाच लागू झालाय: दलालानं घराच्या जाहिरातीत असा बदललेला फोटो वापरला तर तसं स्पष्ट सांगायचं आणि मूळ फोटो बघायची सोय द्यायची. तसा कायदा असो वा नसो, काम देताना 'काय काय बदलायचं नाही' हे मी लेखी द्यायला हवं होतं. खिडकीबाहेरचं दृश्य, भिंती, खांब, डाग, तारा, खोलीचं माप. मी फक्त 'छान करा' म्हटलं होतं. त्यानं केलं.

शेवटी एका रविवारी भाची आली आणि आम्ही पुन्हा फोटो काढले, त्याच मोबाइलवर. आधी तिनं लेन्स पुसली. लेन्सवर बोटांचा तेलकट थर होता, निम्मा धुरकटपणा त्याचाच. मग सगळे दिवे बंद केले. मला उलटं वाटलं, पण पिवळा बल्ब २७०० केल्विनच्या (हे उजेडाच्या रंगाचं माप) आसपासचा आणि दिवसाचा उजेड ५५०० च्या, दोन्ही एकत्र आले की एक भिंत पिवळी आणि दुसरी निळी दिसते. माझ्या भिंतींचा पिवळटपणा तिथून आला होता. मोबाइल तिकाटण्यावर, छातीच्या उंचीला, अजिबात वर-खाली न कलता, साध्या एक पटावर. पडदे पूर्ण उघडे. खिडकीत समोरची इमारत जशी आहे तशी आली, आणि खरं सांगू, ती काही एवढी वाईट दिसत नाही. छताच्या डागाचा वेगळा जवळून फोटो घेतला आणि त्याखाली गळती कधी दुरुस्त केली ते लिहिलं. घर बघायला आता कमी लोक येतात, पण येतात ते डागाबद्दल दारातच विचारून घेतात आणि मग निवांत फिरतात.

परवा भाचीनं त्याचं पान पुन्हा उघडून दाखवलं. नमुन्यांमध्ये एक नवी जोडी आहे. आमची बैठकीची खोली. 'आधी'त मी पाठवलेला फोटो, आणखी काळवंडलेला. 'नंतर'मध्ये ढग आणि टेकडी. खाली तेच: पहिला फोटो मालकाच्या मोबाइलवरचा, दुसरा आमच्या कॅमेऱ्यावरचा. तो आमच्या घरात कधी पाऊलही ठेवलेला नाही. आमच्या भिंतीवरचं घड्याळ दोन्हींत पाच वाजून वीस मिनिटं दाखवतंय.