ऑफ तासासाठी चुंबकवाला किचन टायमर : घ्यावा का?

दुसऱ्याच्या वर्गावरचा ऑफ तास अंगावर पडला की पहिला फटका घशाला बसतो. त्यावर उपाय म्हणून टेबलावरची घंटी, शिट्टी, कमरेचा माइक असं काय काय विकत घेतलं जातं. इथे बघायचा आहे तो त्यातला सगळ्यात स्वस्त पर्याय, भांड्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळणारा डिजिटल किचन टायमर. मागे चुंबक, दुमडता येणारा स्टँड, मिनिट, सेकंद आणि स्टार्ट/स्टॉप अशी तीन बटणं. बहुतेकांवर ९९ मिनिटं ५९ सेकंदांपर्यंत वेळ लावता येते. किंमत दीडशे-तीनशेच्या घरात.

वर्गावर लावून बघा, पहिली खोड लगेच कळते. बारा मिनिटं लावायची तर बटण बारा वेळा दाबायचं आणि दर वेळी 'टिक' वाजतं. मागच्या बाकावरून मोजणी सुरू होते, "सात, आठ, नऊ..." म्हणून वेळ स्टाफरूममध्येच लावून आणायची. काही मॉडेलांना मेमरी असते: गजर बंद केला की शेवटी लावलेली वेळ आपोआप परत येते. घेताना दुकानातच एक मिनिट लावून हे तपासा. मेमरी नसलेला टायमर स्वयंपाकघराला चालेल, वर्गाला नाही.

चुंबकाचं कौतुक फार होतं, पण सिमेंटच्या किंवा लाकडी फळ्यावर तो काय चिकटणार? पत्र्याच्या पांढऱ्या-हिरव्या बोर्डावर आणि लोखंडी कपाटावर नीट बसतो. कपाटाचं दार कोणी आपटलं तर मात्र घसरून पडतो आणि सेल एकीकडे, झाकण दुसरीकडे. त्यापेक्षा स्टँड उघडून टेबलावर ठेवणं बरं.

आता तोंड कुणाकडे करायचं? मुलांकडे करावं असंच वाटतं. पण आकडे जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उंच. पहिल्या दोन बाकांना दिसतात, आणि तीच मुलं मागच्यांना ओरडून सांगतात, "अजून चार मिनिटं!" झाली ना शांतता! त्यामुळे टायमर आपल्याकडे वळवायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात मोठ्या आकड्यात लिहायचं, '११:४२ ला पेन खाली'. वर्गात घड्याळ असलं तर उत्तम. पहिली-दुसरीला हे आकडे उपयोगाचे नाहीत, तिथे तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ सरस.

टायमरचा खरा फायदा असा की 'थांबा' हे बाईंनी किंवा सरांनी म्हणावं लागत नाही. नेहमीच्या शिक्षकाचा दरारा ऑफ तासाला आलेल्याकडे नसतो आणि तो पस्तीस मिनिटांत तयारही होत नाही. पण टायमरला काम लागतं. "शांत बसा" हे काम नव्हे, त्याला शेवट नसतो. "पाठ ४ मधले जोडाक्षर असलेले २० शब्द कच्च्या वहीत" याला शेवट आहे. लवकर उरकणाऱ्यांसाठी पुढची ओळही आधीच फळ्यावर हवी: त्यातल्या पाच शब्दांची फोड करा (पुस्तक = प्+उ+स्+त्+अ+क्+अ). ही ओळ नसली की सातव्या मिनिटाला "सर, झालं!" सुरू होतं आणि उरलेला वर्ग त्यात वाहून जातो.

३५ मिनिटांच्या तासाची विभागणी साधारण अशी जमते: बसण्यात आणि मॉनिटरकडून पटसंख्या घेण्यात ३, पहिलं काम १०, शेजाऱ्याशी वही बदलून तपासणी ४, दुसरं काम १०, तोंडी उत्तरं ५. उरलेली ३ मिनिटं मोकळीच ठेवा, आधीचे शिक्षक वर्गातून उशिरा निघतातच. हजेरीपटातली साठ नावं पुकारत बसू नका. पहिली पाच मिनिटं तिथेच जातात आणि वर्गही तिथेच हातातून जातो. "आमच्या बाई असं नाही घेत" हे ऐकू येणारच. "त्या आल्या की त्यांच्या पद्धतीने, आज असं," एवढ्यावर विषय संपवायचा, वाद नको.

टायमरचा एक वापर मात्र साफ चुकीचा. गोंगाट सुरू झाला की वाया गेलेली मिनिटं मोजत राहायचं आणि "ही मैदानाच्या तासातून कापीन" म्हणायचं. मैदानाचा तास तुमचा नाही, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. दोन-चार जण मग मुद्दाम आकडा वाढवायच्या मागे लागतात. जी शिक्षा स्वतः अमलात आणता येत नाही, ती तोंडातून काढायची नाही.

आवाजाबद्दल थोडं. गजर स्वयंपाकघरात मिक्सरवरून ऐकू यावा असा असतो; मध्ये नुसतं पार्टिशन असलं तर शेजारच्या वर्गातही दचकतात. मागच्या छिद्रांवर चिकटपट्टीचे दोन थर लावले की आवाज बेताचा होतो. तिसऱ्या 'पी-पी'च्या आत बंद करायची सवय लावा, नाहीतर मुलं त्याच तालावर बाक वाजवतात.

मोबाइलमध्ये टायमर फुकट असताना हा कशाला? मोबाइलवर मध्येच फोन येतो, मेसेज झळकतो आणि तुमच्या हातात मोबाइल दिसला की तास 'फ्री' आहे असं वर्ग ठरवून टाकतो. टेबलावरच्या घंटीचं पहिल्या आठवड्यात चालतं, नंतर ती मुलंच वाजवतात.

पाचवी ते दहावीसाठी घ्या, पण एकच घेऊन स्टाफरूमच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. ऐन वेळी तो दुसऱ्याच कुणाकडे असतो. बटण-सेलपेक्षा पेन्सिल सेलवाला पाहा, तो सेल गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतो. आणि मे महिन्याच्या सुट्टीत सेल काढून ठेवा. आतच राहिला आणि पाझरला तर पत्ती हिरवी पडते आणि जूनमध्ये टायमर चालू होत नाही.